ताक कोठे गेले?

‘ताकाला जाऊन भांडे लपवू नये’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. तिचा उपयोगही आपण करतो. परंतु ही म्हण म्हणजे इतिहासाचा एक पुरावा आहे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेल आणावयास दुकानी जाणारा माणूस बाटली लपवीत नाही. पैसे मोजून जी वस्तू घ्यावयाची, तिच्यासाठी लाजण्याचे कारणच काय? भांडे लपते ते मागावयास जाताना. म्हणजे ज्या काळी ही म्हण रूढ झाली, त्या काळी ताक ही विकण्याची वस्तू नव्हती; एकाच्या घरी उरलेली आणि दुसऱ्याच्या घरी मागून नेलेली वस्तू होती. या उरलेल्या वस्तूचा इतिहास आज मला आपल्यासमोर मांडावयाचा आहे.

विषयपत्रिकेवर ‘रोजच्या अन्नातील रायबोफ्लेविन’ असे भारदस्त नाव छापले आहे. त्या नावाने कोणी बिचकू नये. मी वैद्य नाही आणि रसायनशास्त्रीही नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. विडी कामगार आणि साखर कामगार यांच्यात वावरताना मजुरीचे हिशेब मांडण्याची पाळी वारंवार आली, आणि मजुरीचा हिशेब मांडता मांडता माणूस अन्नाच्या हिशेबात शिरतो, तसा मी शिरलो. डॉक्टरमंडळी येथे बसली आहेत. त्यांनी माझे ऐकताना मजुराच्या बाजूने ऐकावे, एवढीच विनंती.

रायबोफ्लेविन हे ‘ब’ गटातील दुसरे जीवनसत्त्व. खाल्लेल्या अन्नातून शक्ती निर्माण करण्याच्या कामी ते शरीराला लागते. शरीर त्याचा मोठासा साठा करीत नाही. जास्त झालेले लघवीवाटे निघून जाते. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते, तो रंग याचाच. म्हणून ते रोजच्या रोज थोडे थोडे पोटात जावे लागते. कमी पडले, तर ओठांचे कोपरे चिरतात, जीभ लाल-जांभळी होऊन चरचरते, तिखटाचा घास तोंडात घेववत नाही. आपल्याकडे याला ‘तोंड आले’ असे म्हणतात आणि उष्णतेवर ढकलून मोकळे होतात. ओठांचे कोपरे इतर कारणांनीही फुटतात, रक्तातील लोह कमी झाले तरी फुटतात. तेव्हा चिरलेला प्रत्येक ओठ मी या एका खात्यावर टाकणार नाही. परंतु ज्या घरात दूध, ताक आणि पाला नाही, त्या घरातले ओठ वर्षाचे बारा महिने चिरलेले का असतात, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आता इतिहासाकडे वळू. सन १८७६ चा पावसाळा कोरडा गेला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. आदल्याच वर्षी, १८७५ साली, सावकारांच्या वह्या जाळणारे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत झाले होते. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हेही जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे. (मी ‘नगर’ म्हणतो, कारण त्या काळाच्या कागदोपत्री तेच नाव आहे, आज आपण अहिल्यानगर म्हणतो.) दुष्काळात सरकारने कामे काढली. आपल्या डोळ्यांसमोरचे त्यांतले सर्वांत मोठे काम म्हणजे दौंड-मनमाड लोहमार्ग. आपण आज ज्या गाडीने दौंडला किंवा मनमाडला जातो, तिच्या मार्गाची माती दुष्काळी मजुरांनी वाहिली. १८७८ साली हा मार्ग सुरू झाला.

त्या मजुरांना मजुरी किती मिळावी, याचा एक हिशेब होता. मुंबई इलाख्यात पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा असे प्रमाण होते. पौंड म्हणजे आजचे सुमारे साडेचारशे ग्रॅम. पुढे सर रिचर्ड टेंपल हे हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून दुष्काळाच्या पाहणीस निघाले. माणसाला जगण्यास दिवसाकाठी एक पौंड धान्य पुरे, हे त्यांचे गणित. १८७७ च्या जानेवारीत आपल्या इलाख्यातही मुलकी खात्याच्या हलक्या कामांवरील वरचा आणा अर्ध्यावर आणला गेला आणि धडधाकट माणसांना दूरच्या मोठ्या कामांवर जाण्यास सांगण्यात आले. मजुरांनी ते मानले नाही. हजारोंनी कामे सोडली आणि ते उपाशी घरी गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका यांनी, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आमच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे लोक गिरणीच्या भोंग्यापासून आरंभ करतात. माझ्या मते महाराष्ट्रातल्या मजुरांच्या मोठ्या संपांत या दुष्काळी संपाचे नाव आधी घेतले पाहिजे. त्या संपाला युनियन नव्हती आणि वर्गणीही नव्हती. भांडण अर्ध्या आण्याचे होते.

हा अर्धा आणा कशासाठी होता? पौंडभर धान्य म्हणजे भाकरी. वरच्या आण्यात मीठ, मिरची, डाळ, भाजी आणि सरपण बसत होते. तो अर्धा कापला, म्हणजे भाकरीबरोबरचे कालवण कापले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी टेंपलसाहेबांशी यावर मोठा वाद घातला. नुसत्या धान्यावर कष्टकऱ्याचे शरीर तगणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. ‘जीवनसत्त्व’ हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. परंतु कालवण नसलेली भाकरी म्हणजे अर्धे जेवण, हे त्या डॉक्टरांनी पाहिले होते आणि संप करणाऱ्या मजुरांना पहिल्यापासून ठाऊक होते. सरकारी हिशेबाला मात्र धान्याच्या वजनापलीकडे काही दिसत नव्हते. हा दृष्टिदोष पुढे पुष्कळ वर्षे टिकला, आणि म्हणूनच मी त्याची कथा येथे सांगत आहे.

दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७९ साली, इंग्लंडमध्ये ब्लाइथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दुधाच्या निवळीतून एक पिवळसर रंगद्रव्य वेगळे काढले. त्याचे पुढे काय करावे, हे तेव्हा कोणालाच उमगले नाही. बायकांनो, तुम्ही हा रंग रोज पाहता. दही लावलेल्या भांड्यात कडेला जे हिरवट-पिवळे पाणी सुटते, त्याचा तो रंग. पुष्कळ घरी ते पाणी मोरीत ओततात. त्या पिवळेपणाचेच नाव रायबोफ्लेविन. लॅटिन भाषेत ‘फ्लावुस’ म्हणजे पिवळा. १९३३ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे कून, ग्यॉर्गी आणि वाग्नर-याउरेग या तिघांनी ते शुद्ध स्वरूपात मिळविले, आणि १९३५ साली कून यांनी जर्मनीत व कारर यांनी झुरिकला ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. कारर यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कून यांना १९३८ चे जाहीर झाले; परंतु हिटलरच्या सरकारने त्यांना ते स्वीकारू दिले नाही. असो. युरोपातली हकीगत एवढी पुरे.

आपल्या देशातली हकीगत मला अधिक महत्त्वाची वाटते. निलगिरी पर्वतात कुन्नूर येथे मॅककॅरिसन यांनी १९१८ साली आहारविषयक संशोधनाला आरंभ केला. तीच संस्था पुढे १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. आपल्या मराठी शास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनीही काही काळ कुन्नूरला काम केले. मॅककॅरिसन यांच्यानंतर १९३५ पासून डॉ. वॉलेस अॅक्रॉइड हे या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. हे नाव कृपा करून लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे. १९३६ साली अॅक्रॉइड आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तांदळावर वाढणाऱ्या दक्षिणेतील मुलांच्या ओठांचे कोपरे चिरतात आणि जीभ सोलवटते, याचे कारण ब-२ या जीवनसत्त्वाची उणीव हे आहे, असे त्यांनी त्यात मांडले. पाठोपाठ त्यांनी शाळेतल्या मुलांना साय काढलेल्या दुधाची भुकटी देऊन पाहिली. मुले सुधारली, वजन आणि उंची वाढली.

साय काढलेले दूध! येथे मला जरा थांबू द्या. आपल्याकडे दुधाची किंमत सायीवर ठरते. डेअरीवर फॅट मोजतात आणि फॅटवर पैसे देतात. तूप म्हणजे श्रीमंती आणि ताक म्हणजे गरिबी, हा आपला समज. परंतु हे जीवनसत्त्व चरबीत राहत नाही, पाण्यात राहते. लोणी काढले, तूप कढविले, की त्या तुपात रायबोफ्लेविन जवळजवळ नसते. ते सगळे मागे ताकात राहते. म्हणजे पाटलाच्या घरी तूप राहिले आणि ताकाचे भांडे घेऊन आलेल्या मजुराच्या घरी हे जीवनसत्त्व गेले. निसर्गाने केलेली ही वाटणी कोणाच्या ध्यानीमनी नसताना शेकडो वर्षे चालत आली होती.

आता १९५७ सालाकडे या. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार असे तिघेही तिच्यात होते. किमान वेतन कशावर ठरवावे, याचे नियम तेथे एकमताने झाले. आमच्या कामात तो ठराव वेदवाक्यासारखा आहे. कमावत्या माणसामागे तीन खाणारी एकके धरावीत: पुरुष एक, बायको ०.८, आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. कापड वर्षाला माणशी १८ वार. घरभाडे वेगळे. सरपण, दिवाबत्ती आणि किरकोळ यांसाठी वीस टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सण आणि म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के जोडले. आणि अन्न? अन्नासाठी त्या ठरावात म्हटले आहे की, मध्यम श्रम करणाऱ्या सरासरी हिंदी माणसासाठी डॉ. अॅक्रॉइड यांनी शिफारस केलेले उष्मांक धरावेत. म्हणजे २,७०० उष्मांक.

ज्या अॅक्रॉइडनी चिरलेल्या ओठांचा शोध लावला, त्यांचेच नाव किमान वेतनाच्या पायाशी आहे. अॅक्रॉइड यांच्या आहारात दूध होते, पालेभाजी होती, डाळ होती. परंतु ठरावाच्या शब्दांत उरले ते उष्मांक. उष्मांक मोजणे सोपे असते. ते कशातूनही भरता येतात. साखरेतून भरता येतात, तेलातून भरता येतात, कोंडा काढलेल्या तांदळातून तर फार सहज भरता येतात. एका वाटाघाटीत समोरच्या बाजूच्या अधिकाऱ्याने, तो कोठला हे सांगण्याचे कारण नाही, मला विचारले, “मजुराच्या पोटात उष्मांक गेले ना? मग दूध ही चैन झाली.” त्या दिवशी माझ्याजवळ त्याला देण्यासारखे उत्तर होते, कारण आदल्या रात्री मी कागदावर त्रैराशिक मांडले होते. ते आपल्यालाही सांगतो. आकडे पोषण संस्थेच्या जुन्या-नव्या कोष्टकांतील आहेत. ते थोडे मागेपुढे होतात, पण निष्कर्ष बदलत नाही.

शंभर ग्रॅम बाजरीत रायबोफ्लेविन ०.२० ते ०.२५ मिलिग्रॅम, ज्वारीत ०.१३ च्या आसपास, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम ०.०६. आपल्या तज्ज्ञांचा पूर्वीचा ठोकताळा असा, की हजार उष्मांकांमागे ०.६ मिलिग्रॅम मिळाले पाहिजे. म्हणजे २,७०० उष्मांक खाणाऱ्याला सुमारे १.६ मिलिग्रॅम. (२०२० च्या नव्या शिफारशींत हे प्रमाण आणखी वर गेले आहे.) समजा, हे २,७०० उष्मांक एखाद्याने केवळ बाजरीतून भरले, पाऊण किलो बाजरी लागली. तिच्यातून दीड ते सुमारे १.९ मिलिग्रॅमपर्यंत रायबोफ्लेविन मिळाले. गडी काठावर पास झाला. तेच उष्मांक ज्वारीतून भरले, तर सुमारे एक मिलिग्रॅम मिळाले. तिसरा हिस्सा कमी. आणि पांढऱ्या तांदळातून भरले, तर अर्धा मिलिग्रॅमही नाही. उष्मांक तिघांचे सारखे, मजुरीच्या हिशेबात तिघेही सारखेच पोटभर जेवलेले. ओठ मात्र तिघांचे सारखे राहणार नाहीत.

पाथर्डी-शेवगावकडचा बाजरी खाणारा मनुष्य आणि जामखेड-कर्जतकडचा ज्वारी खाणारा मनुष्य यांत म्हणूनच फरक पडतो. ज्वारीवाल्याची तूट कोण भरून काढीत होते? हुलग्याचे माडगे आणि शेंगोळे, मोड आलेली मटकी, तांदुळजा, घोळ, पाथरी आणि सकाळचे ताक. हे जिन्नस मजुरीच्या हिशेबात कधीच धरले गेले नाहीत, कारण त्यांना पैसे पडत नव्हते. मजुरी ठरविणारा आणि मजुरी घेणारा, दोघांनीही ते गृहीत धरले होते.

आता ताकाचे काय झाले ते पाहू. पूर्वी खेड्यात दुधाला गिऱ्हाईक नव्हते. दूध नासते, ते लांब नेता येत नाही. म्हणून घुसळून तूप करावयाचे, तूप टिकते, ते बाजारात विकावयाचे, आणि ताक घरी व गावात संपवावयाचे. या व्यवस्थेचे मी गोडवे गाणार नाही. ताक हे दान होते, हक्क नव्हता. वाड्यावरून ताक नेणारी बाई त्या वाड्यावर फुकट राबत होती, आणि गावकुसाबाहेरच्या बाईच्या भांड्यात ते वरून, अंग चोरून, अंतर राखून ओतले जात होते. त्या ताकात जीवनसत्त्व होते तसा अपमानही होता. ती व्यवस्था गेली याचे मला दुःख नाही. तिच्या जागी काय आले, एवढेच मी विचारतो.

१९४९ साली मुंबईजवळ आरे वसाहत उभी राहिली आणि शहराच्या दुधाचा प्रश्न सरकारने हाती घेतला. इकडे आपल्या जिल्ह्यात भंडारदऱ्याचे धरण १९२६ सालीच पुरे झाले होते. प्रवरेच्या कालव्यावर ऊस आला, कारखाने आले, आणि पन्नास सालच्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाणी आले तेथे चारा आला, आणि चारा आला तेथे दूध आले. १९७० साली दुधाचा महापूर योजना देशात सुरू झाली. मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला काढलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी संकरित गाई दारोदार नेल्या. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या पट्ट्यात पहाटेच कॅन आणि टँकर फिरू लागले. दूध नासण्याआधी थंड करता येऊ लागले, लांब नेता येऊ लागले, आणि त्याला रोख पैसे मिळू लागले. राज्यात दूध देणाऱ्या अग्रेसर जिल्ह्यांत आपला जिल्हा जाऊन बसला. दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या घरात दर दहा दिवसांनी पगार आला, मुलांच्या फिया भरल्या गेल्या. हे मोठे काम झाले, आणि त्याला नावे ठेवणारा मी करंटा नव्हे.

परंतु दूध कॅनमध्ये गेले, तेव्हा ताक आपोआप नाहीसे झाले. घुसळणे थांबले, रवी खुंटीला लागली. आणि ताकाबरोबर, कोणी ठराव न करता, कोणाची सही न घेता, मजुराच्या घरचे ब-२ जीवनसत्त्वही टँकरमध्ये बसून मुंबई-पुण्याला गेले. ज्याच्या दारात गाय आहे, त्याला दुधाचे पैसे मिळाले. ज्याच्या दारात गाय नव्हती, त्याला ना दूध, ना ताक, ना पैसे. त्याच्या घरी कोरा चहा आला. दूध, ताक आणि कोरा चहा, तिन्ही पातळच. पण पहिल्या दोहोंत अन्न आहे आणि तिसऱ्यात साखर.

१ जून २०१७ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दुधाचे टँकर रस्त्यावर रिकामे होताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. शेतकऱ्याची मागणी न्याय्य होती, आणि संप म्हटला की माझे मन संपवाल्याच्या बाजूला जाते. तरीही लिटरमागे एक ते दोन मिलिग्रॅम रायबोफ्लेविन डांबरावर वाहताना पाहून माझ्यासारख्या हिशेबी माणसाच्या पोटात कालवले.

पाल्याची गोष्टही ताकासारखीच. खुरपणीला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत तांदुळजा, घोळ, पाथरी घेऊन येत असे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तण, तिच्या दृष्टीने कालवण. पालेभाजी शंभर ग्रॅम खाल्ली, तर माठ-मेथीसारख्या पाल्यातून ०.३ मिलिग्रॅमच्या जवळपास रायबोफ्लेविन मिळते. म्हणजे त्या ओटीत दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा फुकट घरी येत होता. पुढे तणनाशकाचा फवारा आला. खुरपणीची मजुरी बुडाली, हे सर्वांना दिसले. ओटीतला पाला बुडाला, हे कोणी मोजले नाही. संगणकावर हिशेब करणाऱ्या आजच्या काळात तरी हे मोजावयास हरकत नसावी.

दुष्काळी कामांवर सरकारने नंतर काही शिकून घेतले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी मी आईच्या कडेवर होतो, म्हणजे मी तो पाहिला असे म्हणवत नाही. पण आमच्या घरात ‘मिलो’ आणि ‘सुकडी’ हे दोन शब्द पुढे किती तरी वर्षे ऐकू येत होते. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीची चव आठवून म्हातारी माणसे अजून तोंड वाकडे करतात. सुकडी मात्र सर्वांना आवडली. पीठ, गूळ-साखर, तेल, शेंगदाणा यांचे ते पौष्टिक खाद्य खडी फोडणाऱ्या मजुरांना कामावर मिळत होते. मजुरीशिवाय वेगळे अन्न द्यावे लागते, हे १८७७ साली ज्या सरकारी खात्याला पटले नव्हते, ते पंचाण्णव वर्षांनी पटले. त्याच दुष्काळातून रोजगार हमी आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

आता आपल्या जिल्ह्यात आज ब-२ ची ओढाताण कोठे सर्वांत जास्त आहे, असे मला कोणी विचारले, तर मी उसाच्या फडाकडे बोट दाखवीन. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावची आणि बीडकडची माणसे कोयते घेऊन कारखान्यांवर उतरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, आणि या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. श्रम परिषदेने बायकोला निदान ०.८ तरी धरले होते. येथे दोघे मिळून एक! अंधारात उठून भाकरी थापावयाची, ठेचा किंवा चटणी बांधून घ्यावयाची, कोरा चहा घेऊन फडात शिरावयाचे. बाजरीची भाकरी आहे, म्हणून अजून निभावते. रेशनच्या तांदळावर दोन्ही वेळा भागविण्याची पाळी आली की तेही नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर या जीवनसत्त्वाची गरज आणखी जास्त असते.

आणि एक विचित्र गोष्ट पाहा. उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, हे ऊसतोड कामगार मोळ्या बांधून विकतात. ते गोठ्यांत जातात. त्याच वाढ्यांवर गाई दूध देतात, ते दूध डेअरीत जाते, आणि ज्या बाईने मोळी बांधली, तिचे पोर कोपीत कोऱ्या चहात भाकरी बुडवून खाते.

आता आपल्यापैकी जे घरी जाऊन काय करावे असे विचारतील, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे जीवनसत्त्व उकळण्याने फारसे जात नाही. ते उजेडाने जाते. पारदर्शक बाटलीतले दूध कडक उन्हात दोन तास ठेवले, तर निम्म्याच्या आसपास नाहीसे होते. म्हणून दूध-दही झाकून, सावलीत ठेवावे. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकू नये. सोड्याने ते नासते. भाताची पेज व भाजीचे पाणी ओतून देऊ नये, दह्याची निवळी तर नाहीच नाही. मटकी-मुगाला मोड आणावेत. मोडाने ते वाढते. अंड्यात ते चांगले असते, एका अंड्यात ०.२ मिलिग्रॅम तरी. आणि जे मांसाहार करतात, त्यांनी आठवड्याच्या बाजारी शेळी-मेंढीची थोडी कलेजी आणली, तर त्या शंभर ग्रॅममध्ये दिवसाची सारी गरज भागते. एरवी दोन-तीन बाजरीच्या भाकरी, एक वाटी उसळ, पालेभाजी आणि वाटीभर दही किंवा त्याचे घट्टसर ताक, एवढ्यावर बसून काम करणाऱ्या माणसाला दीड मिलिग्रॅमच्या घरात सहज जाता येते. ताकात पाणी किती घालावयाचे, हे ज्याच्या त्याच्या खिशावर. जितके पाणी, तितका हिशेब उतरणार.

परंतु हा घरातला उपाय ज्याच्या घरात दूध आहे त्याच्यासाठी. बाकीच्यांसाठी उपाय वेतनात आणि कायद्यात शोधावा लागतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमाखाली, अडीचशेहून अधिक कामगार असतील त्या कारखान्यात कॅन्टीन ठेवण्याची सक्ती सरकारला करता येत होती. त्या कॅन्टीनमध्ये काय शिजावे, याबद्दल कामगारांच्या प्रतिनिधींचा सल्ला घेण्याची तरतूद त्यात होती. आमची मंडळी त्या समितीत बसतात आणि बहुधा भज्यांच्या भावावर भांडतात. त्यांनी जेवणाबरोबर पेलाभर घट्ट ताकाची मागणी करावी. साखरेच्या कारखान्याभोवती दुधाची वाण नाही, आणि साय काढलेल्या दुधाला डेअरीतही मोठा भाव नसतो. विडी कामगार भगिनींचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण घरी पाने कातरून विडी वळणारीला कॅन्टीन कोठले? तिच्यासाठी किमान वेतनाच्या समितीपुढे २,७०० या आकड्याशेजारी दुधाची आणि पाल्याची ओळ वेगळी लिहून मागितली पाहिजे, तिची किंमत नगरच्या बाजारभावाने लावून.

ऊसतोड कामगार तर कारखान्याच्या हजेरीपटावरच नाही. तो मुकादमाचा, आणि मुकादम वाहतूकदाराचा, असे उत्तर मिळते. तेव्हा कारखान्याच्या मोजणीत तो येत नाही, आणि कॅन्टीनचा पेला कोप्यांपर्यंत पोचत नाही. गळीत हंगाम पाच-सहा महिन्यांचा. कोप्या कोठे पडतात, किती पडतात, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला आधीच ठाऊक असते. त्या वस्तीवर हंगामापुरती अंगणवाडी आणि दुधाचे केंद्र उघडावयाचे, तर जागा शोधावी लागत नाही, आणि वाढ्याची मोळी घेऊन जाणारी गाडी गोठ्याकडून रिकामीच परत येते.